डोळे दिपवणारा उजेड आणि न दिसणारी ट्रॉली



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते रात्रभर वाहते राहतात. ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. दिवस लहान, सहा वाजताच अंधार पडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे धुके. ऊस किती आला, उतारा किती बसला, याची चर्चा आपण गावोगाव करतो. रात्रीच्या वाहतुकीबद्दल मात्र कुठे काही घडले तरच बोलतो, आणि तेही चार दिवस.

चार हंगामांपूर्वी माझा भाचा मोटारसायकलवरून गावाकडे येत असताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. गळपट्टीचे हाड मोडले, दोन दात गेले, जीव वाचला. दवाखान्यात तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, “मामा, दिसलीच नाही.” दहा टन उसाची ट्रॉली दिसली नाही म्हणजे काय? घरात सगळ्यांनी त्यालाच दोष दिला. वेगात असणार, फोनवर बोलत असणार. मीही त्यात होतो. ऊस वाहतुकीच्या कामात माझी उमर गेली, त्यामुळे माझे मत लोक जरा जास्तच धरतात. ते मत चुकीचे होते, हे मला पुढे हाटकेशला कळले.

हाटकेश म्हणजे मुंबईच्या उत्तरेस, मीरा-भाईंदरमध्ये, मीरा रोडच्या पूर्वेचा भाग. तिथे उद्योगनगराचे गाळे आहेत, त्यांत लहान लहान कारखाने चालतात. आपल्याकडची बरीच पोरे त्या बाजूला ड्रायव्हर म्हणून गेली आहेत, तसा बरा झाल्यावर भाचाही गेला. गाळ्यातला माल टेम्पोत भरायचा आणि रात्री भिवंडीच्या गोदामात उतरायचा, हे त्याचे काम. ठाण्याच्या बाजूला अवजड गाड्यांना दिवसा बंदीचे तास असतात, म्हणून तिकडची बरीचशी मालवाहतूक रात्रीचीच. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे चार दिवस राहिलो आणि एका रात्री केबिनमध्ये शेजारी बसून भिवंडीला गेलो.

काशीमिऱ्याच्या नाक्यावर हायवेला लागलो तोवर काही वाटले नाही. हायवेला मधे दुभाजक असतो आणि त्यावर कण्हेर, बोगनवेल अशी झाडे लावलेली असतात. ती शोभेसाठी लावतात असे मी समजत होतो. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत अडवणे हे त्यांचे मोठे काम आहे, हे भाच्याने सांगितले. पुढे घोडबंदर रस्त्याला वळलो. गायमुखाच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि वळणे. वळणावर समोरच्या ट्रकचा झोत थेट केबिनमध्ये शिरला आणि मला काहीसुद्धा दिसेना. रस्ता नाही, कठडा नाही, पुढे चाललेला टेम्पो नाही. नुसता पांढरा पडदा. मी सीटला घट्ट धरून बसलो. भाचा शांत. म्हणाला, “मामा, त्याच्या लाइटकडं बघू नका. डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीकडं बघा.” तसे केले, तेव्हा निदान रस्त्याची कड तरी राहिली.

“त्या रात्री गावात हेच झालं होतं बघा,” एवढेच तो पुढे म्हणाला. मी गप्प बसलो.

घरी आल्यावर मी या विषयाची माहिती मिळवायला लागलो. त्यातले आपल्या कामाचे ते इथे देतो.

आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी सुमारे ६० लाख, त्या दिवसाउजेडी काम करतात आणि रंग ओळखतात. दांड्यासारख्या पेशी सुमारे १२ कोटी, त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. या दांड्यांमध्ये एक जांभळट द्रव्य असते. उजेड पडला की ते विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. घरातून अंधाऱ्या परड्यात गेलो की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू गोठा, कडबा, बैल दिसायला लागतात, ते यामुळेच. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. हे द्रव्य तयार व्हायला जीवनसत्त्व ‘अ’ लागते, म्हणून ते फार कमी पडले की रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, दूध हे खाण्यात असावे ते एवढ्यासाठी.

समोरून झोत आला की दोन गोष्टी एकदम घडतात. एक तर, अंधाराला थोडाफार सरावलेला डोळा पुन्हा मागे जातो. झोत निघून गेला तरी नजर ठिकाणावर यायला काही सेकंद लागतात. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. डोळ्याचे भिंग स्वच्छ काचेसारखे नितळ नसते. त्यात शिरलेला तीव्र उजेड थोडासा विखुरतो आणि सगळ्या पडद्यावर पसरतो. चुलीचा धूर खोलीत भरल्यावर दिव्याभोवती जसा पांढरट गोळा दिसतो, तसेच डोळ्याच्या आत होते. अंधुक वस्तू त्या धुरात बुडून जातात. त्या रस्त्यावर असतात, पण डोळ्यापर्यंत पोचत नाहीत.

आता हिशेब बघा. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. नजर तीन सेकंद गेली, तर गाडी ५० मीटर, म्हणजे साधारण १६५ फूट पुढे गेलेली असते. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट. म्हणजे एकापुढे एक मांडलेले पाच गुंठे त्याने डोळे मिटून पार केले. त्यापुढे ब्रेकचा हिशेब निराळाच. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तरी ६० च्या वेगाला गाडी थांबायला एकूण ४५ मीटरच्या आसपास जागा लागते. डिपरच्या उजेडात समोरचे जे दिसते ते फार तर ४० ते ५० मीटरपर्यंतचे. म्हणजे समोरून कोणीही येत नसतानासुद्धा डिपरवर ६० हा वेग काठावरचा आहे. ताशी ८० ला तर थांबायला ७० मीटर लागतात. तो माणूस आपल्या उजेडाच्या पलीकडे गाडी चालवतो आहे असे समजा.

आता भाच्याच्या अपघाताकडे परत या. ट्रॉली रस्त्याच्या कडेला, टायर फुटला म्हणून उभी. मागे दिवा नाही. लाल रिफ्लेक्टर एके काळी लावलेला होता, पण त्यावर चिखलाचा थर आणि वरून वाढे लोंबलेले. समोरून दुसरा ट्रॅक्टर येत होता, वरच्या झोतात. काळपट उसाची मोळी, काळा रस्ता आणि डोळ्यात पसरलेला पांढरा उजेड. पोराला ट्रॉली दिसलीच नाही, हे अक्षरशः खरे होते. तिथे मी असतो तर मलाही दिसली नसती, आणि माझा डोळा तर त्याच्याहून चाळीस वर्षांनी जुना.

इथे आपण सभासदांनी जरा आपल्याच घरात बघितले पाहिजे. ट्रकवाले झोत मारतात अशी तक्रार आपण नेहमी करतो, पण आपल्या ट्रॅक्टरचे काय? मागच्या हुकावर जड ट्रॉली बसली की मागची चाके दबतात आणि ट्रॅक्टरचे नाक वर उचलले जाते. नाकाबरोबर हेडलाइटही वर बघायला लागतात. शोरूममधून आला त्या दिवशी झोत बरोबर असेल, पण भरलेल्या ट्रॉलीला तोच झोत समोरच्याच्या थेट डोळ्यात जातो. ड्रायव्हर म्हणतो मी डिपरवरच होतो, आणि तो खोटे बोलत नाही. ट्रकचेही तसेच. मागे भार जास्त झाला की दिवे आभाळाकडे.

दुसरी खोड मागच्या फोकसची. ट्रॅक्टरच्या मागे नांगरटीसाठी जो पांढरा दिवा असतो तो शेतात कामाचा आहे, रस्त्यावर नव्हे. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना तो चालू राहिला की मागून येणाऱ्याला वाटते समोरूनच कोणी येते आहे. तो बावचळतो, कधी उजवीकडे घेतो, कधी डावीकडे. हा दिवा बंद करायला एक बटण दाबावे लागते, बस. एकडोळ्या गाड्यांबद्दल तर बोलूच नये. एकच हेडलाइट चालू असलेला ट्रॅक्टर लांबून मोटारसायकल वाटतो, आणि समोरचा तेवढीच जागा सोडतो.

तिसरी गोष्ट अलीकडची. बाजारातून एलईडीचे बल्ब आणून जुन्या हॅलोजनच्या दिव्यात बसवतात. हॅलोजनच्या बल्बमध्ये तार कुठे आहे ते धरून मागच्या आरशाचा बाक घडवलेला असतो. बल्ब बदलला की उजेडाची जागा बदलते, आणि झोत खाली पडायच्या ऐवजी चहूकडे उधळतो. बसवणाऱ्याला सगळे लख्ख दिसते म्हणून तो खूष असतो. निळसर पांढरा उजेड समोरच्याला जास्त खुपतो ते वेगळेच. कंपनीने मुळातच एलईडी दिवा दिला असेल तर गोष्ट निराळी, कारण तो दिवा त्यासाठीच घडवलेला असतो. जुन्या काळी हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग द्यायची पद्धत होती, ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. उपाय ओबडधोबड होता, पण दुसऱ्याच्या डोळ्याचा विचार त्यात होता.

कायद्यातही हे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम याच विषयावर आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचा डोळा असेल, तर तो दिपता कामा नये, इतका झोत खाली वळलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे साधारण मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची.

हे मोजायला आरटीओत जायची गरज नाही. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर, म्हणजे ३३ फुटांवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने रेघ मारा. अंधार पडल्यावर डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी जास्त, खाली पडली पाहिजे. मात्र ही परीक्षा भरलेली ट्रॉली जोडून करा, रिकाम्या ट्रॅक्टरवर नाही. वर पडत असेल तर दिव्याच्या मागचे स्क्रू फिरवून मिस्त्री पाच मिनिटांत खाली घेतो.

यावर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत एडविन लँड नावाच्या तरुणाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक खास पापुद्रा तयार केला, त्यातूनच पुढे पोलरॉइड कंपनी निघाली. त्याच्या मनात मूळ कल्पना हेडलाइटचीच होती. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि ड्रायव्हरसमोर असा पापुद्रा तिरका लावायचा. मग आपल्या दिव्याचा उजेड आपल्याला दिसतो, पण समोरून येणाऱ्याचा झोत आपल्या पापुद्र्यात अडतो. युक्ती शास्त्राला धरून होती. तरी ती रस्त्यावर आलीच नाही, कारण ज्याने आधी खर्च करायचा त्याला स्वतःला काही फायदा नव्हता. सगळ्यांनी एकदम लावले तरच उपयोग. सहकारात काम केलेल्या माणसाला ही अडचण नवी नाही. आपल्या गटातल्या एकाने झोत खाली घेतला तर त्याला काही मिळत नाही, समोरच्याला मिळते. चाळीस ट्रॅक्टरांनी घेतला तर चाळीसही जणांना मिळते.

रिफ्लेक्टरचे तसे नाही. तो लावणाऱ्यालाच वाचवतो. साध्या आरशावर तिरपा उजेड पडला तर तो दुसरीकडे जातो. रिफ्लेक्टरची घडण अशी असते की उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत फिरवतो, म्हणजे थेट मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्याकडे. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ याने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्यां’चे पेटंट घेतले, ते याच तत्त्वावर. आपल्या बैलांचे डोळे रात्री चमकतात तेही असेच, पण ते पुढे तोंड करून चाललेले असतात, मागून येणाऱ्याला त्याचा काय उपयोग! रिफ्लेक्टरला वीज नको, बॅटरी नको. मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा असा नियम आहे. दर हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि पोलीस मंडळी कारखान्यांच्या गाडीतळावर येऊन ते लावतात, फोटो निघतात. पंधरा दिवसांनी त्यावर चिखल बसतो आणि वरून वाढे लोंबतात. तेव्हा रिफ्लेक्टर मोळीच्या खाली, साट्याच्या दोन्ही टोकांना लावावा, म्हणजे ट्रॉलीची रुंदीही कळते. ऊस बाहेर आलेला असेल तर त्या टोकालाही लाल पट्टी बांधावी. बैलगाडीलाही मागे लावावा. रस्त्यात ट्रॉली बंद पडली तर मागे पन्नास पावलांवर आणि त्याहूनही लांब खूण ठेवावी. दगड ठेवू नयेत. ते नंतर तिथेच राहतात आणि पुढच्या रात्री दुसऱ्या कोणाला लागतात.

आता ड्रायव्हरच्या डोळ्याबद्दल. ट्रक-टेम्पोच्या लायसनसाठी डॉक्टरचा दाखला नमुना १-अ वर द्यावा लागतो. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हे प्रश्न असतात. पण नंबर वाचायचा तो दिवसाच्या चांगल्या उजेडात. २०१९ च्या दुरुस्तीपासून हे लायसन पाच वर्षांसाठी मिळते, आणि पाच वर्षांत डोळा बराच बदलू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या आयआयटीच्या सहकार्याने झालेली ट्रक ड्रायव्हरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ५५ टक्के ड्रायव्हरांच्या नजरेत काही ना काही दोष आढळला. भाच्याची तपासणीही हाटकेशला आल्यावरच झाली, तेव्हा त्याला लांबचा नंबर निघाला. आपण कधी तपासलाच नव्हता. दिवसा त्याला काही अडत नव्हते.

वय वाढते तसे भिंग पिवळट होते आणि बाहुली आकसते. साठीच्या माणसाच्या डोळ्यात वीस वर्षांच्या पोराच्या मानाने अंधुक उजेडाचा जवळजवळ तिसराच हिस्सा आत पोचतो. मोतीबिंदू सुरू झाला की दिव्याभोवती कडी दिसतात आणि झोत सहन होत नाही. साखरेचा आजार असेल तर मागचा पडदाच बिघडतो. ‘मला दिवसा सगळं दिसतं’ हे म्हणणे पुरेसे नाही. समोरची गाडी गेल्यावर बराच वेळ अंधारी राहते का, ते बघावे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बाजारात रात्रीसाठी म्हणून पिवळे चष्मे मिळतात. ते घेऊ नका. अमेरिकेत २०१९ साली याची परीक्षा झाली, त्यात पिवळ्या काचेने रस्त्यावरचा माणूस लवकर दिसण्यास काही मदत झाली नाही. रंगीत काच उजेड कमीच करते. त्यापेक्षा आहे ती काच पुसा. ट्रकच्या काचेवर बाहेरून धूळ आणि आतून विडीचा धूर बसलेला असतो, वायपरने ओरखडे पडलेले असतात. समोरचा झोत त्या काचेवर पसरतो, म्हणजे मोतीबिंदू डोळ्यात नसला तरी काचेत असतो. हेल्मेटच्या ओरखडलेल्या काचेचेही तेच.

आणखी एक, आपल्या कारखान्यापुरते. गाडीतळावर रात्री मोठे दिवे लखलखीत असतात. वजन करून, ट्रॉली खाली करून ड्रायव्हर तिथून निघतो आणि फाटकाबाहेर पडताच अंधाऱ्या रस्त्यावर येतो. पहिली काही मिनिटे त्याचा डोळा त्या उजेडातच असतो. फाटकापासून पहिला मैल म्हणूनच हळू न्यावा. निघताना मोबाईलच्या स्क्रीनमध्ये डोळे घालून बसू नये, केबिनमधला दिवा बंद ठेवावा. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो. समोरच्याने डिपर दिला नाही तर आपणही अप्परच मारायचा, ही सूड घेण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. त्यात दोन आंधळे ड्रायव्हर एकमेकांच्या जवळून जातात. वेग कमी करा, डाव्या कडेवर नजर ठेवा, त्याला जाऊ द्या.

यंदा भाचा सुट्टीला आला होता तो पहिल्याच दिवशी ओली चिंधी घेऊन आमच्या ट्रॉलीच्या मागे बसला. रिफ्लेक्टर पुसले, वरचे वाढे कोयत्याने छाटले, आणि संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर खडूची रेघ मारून ट्रॅक्टर उभा केला. झोत रेघेच्या हातभर वर पडत होता. आमच्याच ट्रॅक्टरचा.